कोजागिरीला जा, पण पंप बंद करू नका

येत्या कोजागिरीला ठिकठिकाणी दम्याचं औषध वाटलं जाईल. चांदण्यात ठेवलेल्या खिरीत पिंपळाच्या सालीचं किंवा आणखी कशाचं चूर्ण कालवतात आणि लोक लांबून येऊन, रात्रभर जागून ती खीर घेतात. जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. दम कोंडणं ज्याने भोगलंय तो आशेपायी कुठवर जातो, हे छातीच्या रुग्णांमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला ठाऊक आहे. माझं मागणं एवढंच आहे की त्या रात्रीपासून दम्याचा पंप (इनहेलर) बंद करू नका.

दर वर्षी तेच घडतं. खीर देणारा सांगतो, ‘आता इंग्रजी औषध बंद.’ पंपाची सवय लागते ही भीती मनात आधीपासून असतेच, त्यामुळे ते लगेच पटतं. पहिले काही दिवस बरंही वाटतं, कारण रोजच्या पंपाचा गुण एका दिवसात ओसरत नाही. पण श्वासनलिकांची सूज आतून वाढत राहते. पंधरवड्यात दिवाळी येते. घराची झाडलोट, फटाक्यांचा धूर, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि पहाटेचा गारवा सगळं एकदमच येतं. अशाच एका पहाटे एका मुलीला तिचा भाऊ मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. तिचे ओठ निळे पडले होते. पंप घरी फडताळात होता, कोजागिरीपासून हात न लावलेला. आम्ही तिला वाचवू शकलो नाही.

कॅनडातल्या हजारो दमेकऱ्यांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात रोजचा स्टिरॉइडचा पंप बंद केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दगावण्याचं प्रमाण, पंप चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. कोजागिरीनंतरचे तीन महिने म्हणजे आपली दिवाळी आणि पुढचा बराचसा हिवाळा. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा 40 टक्क्यांहून जास्त आहे. हे सगळे मृत्यू खिरीमुळे होत नाहीत, पण रोजचा पंप न घेणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

झाडपाल्याशी माझं वैर नाही. उलट आमची निम्मी औषधं तिथूनच निघाली. 1802च्या सुमारास मद्रासेतली धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत इंग्लंडात गेली. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनच्या रेणूत बदल करून पुढे इप्राट्रोपियम तयार झालं. (आज मात्र कुणीही धोतऱ्याच्या वाटेला जाऊ नये, ते विष आहे.) थिओफिलिन 1888 मध्ये चहाच्या पानांत सापडलं. इजिप्तमध्ये पूर्वापार वापरात असलेल्या, बडीशेपेच्या कुळातल्या एका वनस्पतीतल्या खेलिनवरून क्रोमोग्लायकेट घडलं. रॉजर अल्टून्यान या डॉक्टरांनी, स्वतः दमेकरी असल्याने, त्याच्या चाचण्या स्वतःवरच केल्या. आपल्या परसातल्या अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन आलं. या प्रत्येक वेळी वनस्पतीतला नेमका रेणू शोधला गेला, त्याची मात्रा ठरली, अपाय तपासले गेले. हळदीतल्या कर्क्युमिनवरही काही छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्यांत रुग्णांचं नेहमीचं औषध चालूच होतं. जोडीला घ्यायचं औषध हे जोडीलाच राहिलं पाहिजे.

आणि जोडीला घेतानाही डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. धाप लागल्यावर घ्यायच्या निळ्या पंपातल्या सालब्युटामोलनेही पोटॅशियम उतरतं. पिंपळी आणि मिरीतल्या पायपरीनमुळे थिओफिलिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. थिओफिलिनच्या गोळ्या चालू असतील तर मळमळ, धडधड, क्वचित झटकेही येऊ शकतात. आई काढा देते आणि डॉक्टरांना कळू देत नाही, असं बऱ्याच घरांत चालतं. तुम्हाला कुणी रागावणार नाही, काढ्यात काय काय आहे ते सांगा.

सर्वांत मोठा धोका नावगाव नसलेल्या पुडीचा. दोन दिवसांत चमत्कार वाटावा इतका आराम पडला, भूक वाढली, चेहरा गोल होऊ लागला, तर त्या पुडीत स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असू शकते. स्टिरॉइड नको म्हणून पंप सोडायचा आणि न कळत तेच पोटात घ्यायचं, असा हा प्रकार आहे. पंपाच्या एका झोतात साधारण 200 मायक्रोग्रॅम औषध असतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. पोटात घ्यायच्या 5 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 5000 मायक्रोग्रॅम. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम थांबवूही नका, त्यातही जीव जाऊ शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे या.

शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना आणि वैद्यांना हात जोडून सांगतो की खीर देताना माइकवरून एक वाक्य जरूर बोला: ‘पंप बंद करू नका.’ तुमचं रुग्ण ऐकतील, आमचं ऐकत नाहीत. चुलीचा धूर रांगेपासून दूर ठेवा आणि दारात रुग्णवाहिका उभी ठेवा. पंप महाग पडतो म्हणून कुणी सोडत असेल तर त्याला सरकारी दवाखान्याची किंवा जनऔषधी केंद्राची वाट दाखवा.

घरच्यांनी आजच फडताळातला पंप काढून त्यावरची तारीख पाहावी, किती डोस उरलेत ते मोजावं. धाप लागून वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, तर काढा उकळत बसू नका. माणसाला आडवं न करता ताठ बसवा, निळा पंप स्पेसरमधून द्यायला लागा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी 108 फिरवायला सांगा.