एकर बघून पंप देता, पाणी किती खोल ते कोण बघणार?



आजची नोंद जरा तिखट आहे. सौरऊर्जेच्या गणितावर पीएचडी करणाऱ्या पोरापोरींनी अन् योजना आखणाऱ्या साहेबांनी वाचावी.

2024 ला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. आपण 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के. चांगलंय. रात्री-अपरात्री पाणी धरायला जाणं टळतं. पण पंप ठरतो कशावर? अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्याच्या वर 7.5. म्हणजे सगळं सातबाऱ्यावर!

अहो, मोटर सातबारा उचलत नाही, पाणी उचलते. तेवढ्याच ताकदीत दीडशे फुटावरून जेवढं पाणी येतं, तीनशे फुटावरून त्याच्या निम्मंच येणार. दोन एकरवाल्याचं पाणी खोल गेलेलं असलं तर त्यानं काय करायचं?

दुसरं, सरासरी उन्हावर हिशेब मांडला की कागद गोड दिसतो. पण मोटरीचे फेरे निम्म्यावर आले की पाणी वर चढवायची ताकद निम्मी नाही, चौथाईच राहते. म्हणून ढग आला की खोल बोअरचं पाणी नुसतं कमी होत नाही, बंदच पडतं. सरासरीत हे दिसत नाही.

तिसरं, आपल्याकडं ऊन सगळ्यात कडक एप्रिल-मे मधी, अन् तेव्हाच बोअर आटलेलं. खाली काळा पाषाण, भेगांत साठलं तेवढंच पाणी. त्यात ऊन फुकट, बिल नाही, म्हणून हिवाळाभर उपसा चालू ठेवला तर मार्चलाच पॅनल शोभेचं. ज्या मॉडेलात ऊन आहे पण विहीर नाही, ते मॉडेल अर्धंच.

साहेब म्हणतील, सातबारा तपासायला सोपा, बोअर कोण मोजणार? भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतेच: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. ते आकडे घ्या. विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवातच आहे. तिथल्या पोरांना हे काम द्या. प्रबंधही होईल अन् शिवाराचं भलंही.

मागणी एकच: एचपी एकरावर नको, उन्हाळ्यातल्या पाणीपातळीवर ठरवा.

मंडळी, खाली लिहा: गाव, बोअर किती फूट, मे महिन्यात पाणी किती फुटावर, पंप किती एचपीचा. आपले आकडे आपणच गोळा करू.