गिअरबॉक्स उघडा, गाडी कापू नका

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बिघडला की आजकाल गॅरेजात एकच सल्ला मिळतो: मॅन्युअल करून टाका. हा सल्ला देणाऱ्यांना मी ओळखतो. त्यातल्या काहींची गॅरेजं माझ्याच रस्त्यावर आहेत, आणि माझ्या पाठीमागं ते काय बोलतील हेही मला ठाऊक आहे. तरी सांगतो, ही ग्राहकाची फसवणूक आहे. तिची सुरुवात मात्र आमच्या रस्त्यावर होत नाही. ती होते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, एसीतल्या काउंटरवर, जिथं इस्त्रीच्या शर्टातला सर्व्हिस ॲडव्हायझर गिअरबॉक्सचा एक बोल्टही न सोडवता सांगून मोकळा होतो, "पूर्ण ॲसेंब्ली बदलावी लागेल."

मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो. या गावात शिवाजी उद्यमनगर आहे. इथं क्रँकशाफ्ट ग्राइंड होतात, ब्लॉक बोअर होतात, जुन्या ऑइल इंजिनाचा तुटका भाग नुसता समोर ठेवला तर माणसं तसा नवा करून देतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओतलेले भाग देशातल्या मोटार कारखान्यांना जातात. ज्या गावाच्या ओतकामावर गाड्या उभ्या राहतात, त्याच गावाला सांगितलं जातं की गिअरबॉक्स उघडणं तुमच्या आवाक्यातलं काम नाही. आमच्याकडं हात आहेत, लेथ आहे, डोकं आहे. नाहीत त्या तीनच गोष्टी: सुटे भाग, सील किट आणि सर्व्हिस मॅन्युअल. या तिन्ही गोष्टी कंपनीकडं आहेत आणि ती त्या दाबून बसली आहे.

एक निवृत्त मुख्याध्यापिका माझ्याकडं आल्या. डावा गुडघा बदललेला. शस्त्रक्रियेनंतर क्लच झेपेना, म्हणून फंडाच्या पैशातून ऑटोमॅटिक घेतली होती. वॉरंटी संपून गेलेली. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना गाडी आधी झटका द्यायला लागली, मग एक दिवस तिसऱ्यातच अडकली. सर्व्हिस सेंटरनं साडेतीन लाखांचं एस्टिमेट दिलं, आणि गाडीची बाजारात तेवढीही किंमत नव्हती. मग कुणीतरी ऐंशी हजारांत मॅन्युअल करून देतो म्हणाला. बाईंनी मला विचारलं, "अरे, पण क्लच दाबायचा कुणी?"

या प्रश्नावर त्या सल्लागाराकडं उत्तर नव्हतं, कारण त्यानं बाईंच्या गुडघ्याकडं पाहिलंच नव्हतं.

मी चेंबर उघडला. तेल काळपट तपकिरी, कारखान्यातून भरून आलेलं, एकदाही न बदललेलं. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात, त्यांच्यावर मऊ करडा लगदा बसला होता. हा लगदा वापराच्या झिजेचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. चुंबकावर पत्र्याचे कपचे किंवा तळाशी क्लच प्लेटचा काळा चुरा सापडला तर मात्र आतलं काहीतरी मेलेलं असतं. इथं तसलं काही नव्हतं. स्कॅनर एका प्रेशर सोलेनॉइडकडं बोट दाखवत होता. व्हॉल्व्ह बॉडीतून तो बाहेर काढला, मल्टिमीटर लावला, आतली कॉइल तुटलेली. अंगठ्याएवढा भाग. साडेतीन लाखांची ॲसेंब्ली या अंगठ्याएवढ्या भागासाठी बदलायला निघाले होते! कंपनीच्या पार्ट काउंटरवर तो सुटा मिळेना. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी मात्र तोच भाग स्वतःच्या नंबरानं परदेशात सुटा विकते. तिथून मागवला. नवं तेल, नवा फिल्टर, चेंबरचं गास्केट आणि माझी मजुरी धरून सगळा खर्च त्या ॲसेंब्लीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी झाला. बाई स्वतः गाडी चालवत घरी गेल्या.

आता तेलाचं बघा. कित्येक मोटार कंपन्या ऑटोमॅटिकचं तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे, बदलायची गरज नाही असं सांगतात. आणि झेडएफ, जी जगभरच्या मोटारींसाठी गिअरबॉक्स बनवते, तीच झेडएफ सांगते की 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला, नाहीतर फार तर आठ वर्षांनी तेल बदला. बनवणारा बदला म्हणतो, विकणारा गरज नाही म्हणतो. वॉरंटीच्या काळात सर्व्हिसचा खर्च कमी दिसावा आणि वॉरंटी संपल्यावर अख्खा गिअरबॉक्स विकला जावा, यापलीकडं मला यात दुसरा अर्थ दिसत नाही.

कंपनीच्या मनात आलं की दुरुस्ती कशी सोपी होते तेही बघा. 2013 साली फोक्सवॅगननं सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सपायी जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या. सिंथेटिक तेलामुळं विजेचा दोष उद्भवत होता. तेल काढलं, त्या जागी खनिज तेल भरलं. स्वतःच्या खिशातून खर्च करायचा होता तेव्हा तेल बदलून भागलं. ग्राहकाच्या खिशातून करायचा असतो तेव्हा ॲसेंब्लीच्या खाली कुणी बोलत नाही.

आता मॅन्युअल करून देतो म्हणणारे नेमकं काय करतात, ते गाडीमालकांनी नीट समजून घ्यावं. नुसता गिअरबॉक्स काढून दुसरा बसवला की झालं, असं हे काम नाही. टॉर्क कन्व्हर्टरसोबतची पातळ फ्लेक्स प्लेट निघते, तिथं वजनदार फ्लायव्हील येतं, त्याचे बोल्ट वेगळ्या लांबीचे लागतात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. पेडल बॉक्स अख्खा बदलायचा, कारण ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं आणि क्लचला जागाच नसते. मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, त्यांची लाइन. गिअर लिव्हर, त्याच्या केबल, कन्सोल. ॲक्सल बहुतेक वेळा वेगळ्या लांबीचे, गिअरबॉक्सचं माउंटिंग वेगळं. रेडिएटरमधून गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या नळ्या बंद करायच्या. इथपर्यंत चांगला मिस्त्री निभावून नेईल.

खरी घाण वायरिंगमध्ये होते. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनचा संगणक आणि गिअरबॉक्सचा संगणक सतत एकमेकांशी बोलत असतात. गिअरबॉक्सवाला काढून फेकला की इंजिनवाला त्याची वाट बघत बसतो, चेक इंजिनचा दिवा पेटतो, ताकद पडते, क्रूझ कंट्रोल मरतो, ईएसपी असेल तर तेही तक्रार करतं. यावरचा खरा उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा ईसीयू आणि हार्नेस बसवून इमोबिलायझरसकट कोडिंग करणं. ते करणारा मला आजवर क्वचित भेटला. बाकीचे कुर्ल्याच्या नाहीतर दिल्लीच्या मायापुरीच्या भंगारातून गिअरबॉक्स आणतात, वायरी पिळून टेप गुंडाळतात आणि मीटरमधला दिवा दिसेनासा करून गाडी मालकाच्या हवाली करतात.

अशी एक गाडी माझ्या दारात आली होती. ऑटोमॅटिकमध्ये एक स्विच असतो, गाडी पार्क किंवा न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही. त्याच्या दोन वायरी काळ्या टेपखाली एकत्र पिळलेल्या. क्लच पेडलला स्विच लावलेलाच नव्हता. माझ्या पोरानं बाहेरूनच खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. ती उडी मारून समोरच्या कामाच्या बाकावर आदळली. दोन मिनिटांपूर्वी त्याच बाकाशी दुसरा पोरगा वाकून कार्ब्युरेटर धूत होता. हे काम करणाऱ्याला मी फोन केला, तर म्हणाला, "चालू करताना न्यूट्रल बघायचं की!" असल्या माणसाच्या हातात पाना देणं हा गुन्हा आहे, आणि हे शब्द मी त्याला तोंडावर ऐकवले आहेत.

गुन्ह्याचं बोलायचं तर कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. आरसीवर मॉडेलचं जे नाव असतं, त्यात बहुतेक वेळा ऑटोमॅटिकची खूण असते. 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा मालकाला, हे लक्षात ठेवा. उद्या आंबा घाटात अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बॉनेट उघडलं, तर ऐंशी हजार घेऊन गेलेला मिस्त्री तुमच्या शेजारी उभा नसेल.

या सगळ्यात आणखी एक जमात आहे, तिचा मला मनस्वी राग येतो. मॅन्युअल चालवतो तोच खरा ड्रायव्हर, ऑटोमॅटिक बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी, असं छाती फुगवून सांगणारी पोरं. गाडी कापून तीन पेडल बसवल्याच्या रीळ बनवतात. बायका आणि म्हातारे रस्त्यावर नकोत असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. ज्याचा डावा पाय अधू आहे, ज्याच्या कंबरेत मणका सरकलाय, जो पुण्याच्या वाहतुकीत दोन तास क्लचवर पाय ठेवून घरी येतो, त्याला ऑटोमॅटिक हा आधार आहे. 2014 साली मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणला तेव्हा तो आधार मध्यमवर्गाच्या आवाक्यात पहिल्यांदा आला. एएमटीत गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलचाच असतो, वरती क्लच दाबणारं आणि गिअर बदलणारं ॲक्च्युएटरचं किट असतं. म्हणून तिथं तर मॅन्युअल करून टाका हा सल्ला आणखी स्वस्तात मिळतो. पण त्या किटमध्ये पंप, सेन्सर, सील असे भाग असतात. ते सुटे मिळाले तर किट दुरुस्त होतं. न मिळाल्यामुळं ते भंगारात जातं आणि मालक पुन्हा क्लचवर पाय ठेवतो.

कुणी म्हणेल, कंपन्यांवर हा आरोप करायला पुरावा काय? 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. ती खुली करा, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही धरल्या आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी 2012 मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मतपेटीतून मंजूर करून घेतला. आमच्याकडं मात्र गिअरबॉक्स बिघडलेला माणूस गाडी विकतो, कर्ज काढतो, नाहीतर गाडी कापून घेतो.

माझ्या गॅरेजात ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करून मिळणार नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. आमच्या भागातल्या मिस्त्रींना माझं सांगणं आहे की हे काम घेणं बंद करा, व्हॉल्व्ह बॉडी उघडायला शिका, न येणाऱ्यानं माझ्याकडं यावं, मी फुकट शिकवीन. आणि गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये तीन गोष्टी लेखी मागाव्यात: गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलायचं, सोलेनॉइड आणि ॲक्च्युएटरचे भाग सुटे मिळतात का, आणि वॉरंटी संपल्यावर ते किती वर्षं मिळत राहतील. सेल्समनला हे ठाऊक नसेल तर त्यानं कंपनीला विचारावं. कंपनीच्या शिक्क्याचा कागद हातात पडेपर्यंत चेक फाडू नका.