परवाना एकदाच, लिलाव मात्र रोज

गेल्या आठवड्यात बारामतीस जाण्याचा योग आला असता जळोचीच्या उपबाजारात आमचे एक जुने विद्यार्थी भेटले. आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळी ते मागच्या बाकावर बसत. आता ते भाजीपाल्याचे परवानाधारक व्यापारी आहेत आणि त्यांची कन्या पदवी घेऊन सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसते आहे. जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत मोडत असली, तरी तिथल्या घराघरांत शेतीचे व बाजाराचे बोलणे जितके चालते तितकेच आता ‘जाहिरात कधी निघणार’ याचे चालते. सकाळचे सौदे आटोपल्यावर चहा घेताना त्यांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. ‘‘सर, माझ्याकडं बाजार समितीचा परवाना आहे, म्हणून कोणी मला माल उचलून देत नाही. प्रत्येक ढिगासमोर उभं राहून बोली लावावीच लागते. सरकार मात्र कंपनीला एकदा यादीत घेतं आणि मग खाती तिलाच कामं देत राहतात, असं पोरगी सांगते. यादीत आल्यावर लिलाव संपतो का हो?’’

प्रश्न साधा होता, पण आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुण्यास परतताना आम्ही त्याचाच विचार करीत होतो. संगणकसेवांची सरकारी खरेदी हा विषय सामान्य वाचकास रुक्ष वाटतो आणि वृत्तपत्रेही तो आतल्या पानावर सारतात. वस्तुतः राज्यातील लक्षावधी तरुणांचे वर्ष सुखरूप जाणार की वाया, हे पुष्कळदा या रुक्ष कागदांवर ठरते.

यादीची पद्धत मुळात वाईट नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. प्रत्येक खात्याने प्रत्येक कामासाठी स्वतंत्र निविदा काढावयाची म्हटले, तर मसुदा, जाहिरात, छाननी, हरकती आणि फेरनिविदा यांतच महिने जातात. शिवाय एखाद्या जिल्हा कार्यालयाने संगणकप्रणालीची पारख करावी तरी कशी? म्हणून कोणा एका मध्यवर्ती यंत्रणेने सर्वांच्या वतीने एकदाच स्पर्धा घ्यावी, पात्र कंपन्या निवडाव्यात, दर व अटी ठरवाव्यात, आणि मग खात्यांनी त्या सूचीतून सेवा घ्याव्यात, अशी ही कल्पना आहे. आपल्याकडे ‘दरकरार’ या नावाने ती जुनीच आहे. केंद्र सरकारचे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय अनेक दशके असे दरकरार करीत असे. २०१६ मध्ये ‘जेम’ ही सरकारी खरेदीची संगणकीय बाजारपेठ सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी ते महासंचालनालय बंद करण्यात आले. महाराष्ट्रात माहिती तंत्रज्ञानापुरते हे काम बव्हंशी ‘महाआयटी’ या सरकारी महामंडळाकडे आले.

दरकरार या शब्दाने महाराष्ट्रात एकदा वादळही उठविले होते. २०१५ मध्ये महिला व बालविकास खात्याने चिक्की व इतर वस्तूंची सुमारे २०६ कोटी रुपयांची खरेदी निविदा न काढता दरकरारावर केली, तेव्हा विधिमंडळात व बाहेर गदारोळ झाला. पण चिक्की निदान हातात घेऊन पाहता येते, तोलता येते आणि प्रयोगशाळेत धाडता येते. संगणकसेवेचे तसे नाही. ती चांगली की वाईट, हे ती वापरण्याच्या क्षणीच कळते, आणि तो क्षण परीक्षेचा असला तर कळून काही उपयोग उरत नाही.

नोकरभरतीच्या परीक्षांची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २०१७ मध्ये ‘महापरीक्षा’ पोर्टल सुरू झाले. निरनिराळ्या खात्यांच्या परीक्षा एका छत्राखाली घेण्याचा तो प्रयोग होता. उमेदवारांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०२० मध्ये सरकारने ते बंद केले. त्यानंतर जी व्यवस्था आली ती याच यादीची. महाआयटीने कंपन्या निवडून सूचिबद्ध केल्या आणि खात्यांनी त्यांतून आपली कंपनी घ्यावी असे ठरले. २०२१ मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाची गट क व गट ड यांच्या सहा हजारांहून अधिक पदांची भरती या व्यवस्थेतून झाली. परीक्षा २५ व २६ सप्टेंबरला होती. आदल्या रात्री ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. प्रवेशपत्रांवरील केंद्रांचे घोळ तोवर चव्हाट्यावर आलेच होते. कित्येक मुले-मुली पदरचे भाडे भरून परजिल्ह्यांत पोहोचली होती; काही रात्रीच्या एस.टी.त होती. ऑक्टोबरच्या २४ व ३१ तारखांना परीक्षा झाली, तेव्हा प्रश्नपत्रिका फुटल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले. अटका झाल्या आणि त्यांत खुद्द आरोग्य खात्यातील अधिकारीही होते.

सप्टेंबरच्या त्या नामुष्कीनंतर जबाबदारीची जी ओढाताण झाली, ती आमच्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद बाब होय. आरोग्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि त्याचबरोबर कंपनी असमर्थ ठरल्याचे सांगून तिची निवड माहिती तंत्रज्ञान खात्याच्या यंत्रणेकडून झाली होती याकडे बोट दाखविले. आता ज्या यंत्रणेने यादी केली तिने म्हणावे, आम्ही केवळ पात्रता तपासली, काम खात्याने दिले. खात्याने म्हणावे, यादीत होती म्हणून दिले. कंपनीने म्हणावे, खात्याने माहिती वेळेवर दिली नाही. अशा तिढ्यात यादी हा खरेदीचा सोपा मार्ग न राहता दोष टाळण्याचा सोपा मार्ग होतो. निविदा स्वतः काढणाऱ्या अधिकाऱ्यास निदान आपण कोणास व का निवडले याचे उत्तर तरी द्यावे लागते.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला होणारी म्हाडाची परीक्षा मध्यरात्रीनंतर रद्द झाली आणि परीक्षेचे काम जिच्याकडे होते त्या कंपनीच्या संचालकासच अटक झाली. लोकांचा संताप रास्त होता. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने ठरविले की, अशा परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस या दोनच संस्थांमार्फत घ्याव्यात. हा बदल सुधारणेचा होता हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यात सरकारने यादी सुधारली ती केवळ नावे बदलून. यादी वापरण्याची रीत तशीच राहिली.

याचा अर्थ काय, हे पुढच्याच वर्षी दिसले. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गास १,००० रुपये आणि राखीव वर्गास ९०० रुपये होते. १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर अशी अनेक सत्रांत परीक्षा चालली. २१ ऑगस्टच्या सकाळी टीसीएसच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि राज्यभरातील केंद्रांबाहेर उमेदवार ताटकळत उभे राहिले. मोठ्या कंपनीच्या यंत्रातही बिघाड होतो, यात आश्चर्य नाही. आश्चर्य याचे की अशा खोळंब्याबद्दल कंपनीने काय भरून द्यावयाचे, उमेदवाराच्या प्रवासाचे काय, हे कोठे लिहिले आहे ते दहा लाखांपैकी एकासही ठाऊक नव्हते. पुढे निकालात २०० पैकी २१४ गुण झळकले तेव्हा गावोगाव हसू झाले. निरनिराळ्या सत्रांतील काठिण्यपातळी सारखी करण्याच्या सूत्राने असे होऊ शकते, हे खरे आहे. परंतु आम्ही इतकी वर्षे वर्गात गुणपत्रके भरली आहेत. पैकीपेक्षा अधिक गुण देणाऱ्या मास्तराने त्याचे कारण परीक्षेच्या आधी सांगावयाचे असते, निकालानंतर नव्हे.

शुल्काच्या या आकड्यांकडे आणखी एका कारणासाठी पाहिले पाहिजे. साध्या खरेदीत सरकार घेते आणि सरकारच पैसे देते, म्हणून निदान वित्त विभाग तरी घासाघीस करतो. येथे सेवा घेते खाते, आणि खर्चाचा भार पडतो तो बेकार उमेदवारावर. दुसऱ्याच्या खिशातून जाणाऱ्या पैशासाठी भाव कोण पाडणार? दोनच कंपन्या असतील आणि त्यांना एकमेकींशी झुंजावेच लागत नसेल, तर प्रत्येक उमेदवारामागचा दर खाली येण्याचे काही कारण उरत नाही.

जळोचीच्या त्या व्यापाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. लिलावात भाव चढतो व निविदेत उतरतो एवढा भेद सोडला, तर बाजार समितीचा परवाना आणि सरकारची यादी यांचे स्वरूप एकच आहे. परवाना म्हणजे आवारात उभे राहण्याची लायकी. मालावरचा हक्क नव्हे. तसेच सूचीत नाव येणे म्हणजे स्पर्धेत उतरण्याची लायकी. प्रत्येक कामासाठी त्या सूचीतल्या सर्वांमध्ये पुन्हा छोटी, जलद, परंतु खरी स्पर्धा झालीच पाहिजे. आपल्याकडे नेमका हाच दुसरा टप्पा गळतो.

ज्यांच्याकडून ही पद्धत जगाने उचलली त्यांनी तो गळू दिलेला नाही. अमेरिकेच्या संघ सरकारने १९९४ च्या कायद्यानेच असे बंधन घातले की, एकाच करारपत्रात अनेक पुरवठादार असतील, तर किरकोळ रकमेहून मोठ्या प्रत्येक कामाच्या वेळी त्या सर्वांस न्याय्य संधी द्यावयाची. त्यानंतर १९९६ च्या कायद्याने तेथे साऱ्या सरकारसाठी माहिती तंत्रज्ञानाचे सामाईक करार करण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे बंधन आधी आले आणि सवलत मागाहून. ब्रिटनने २०१२ मध्ये ‘जी-क्लाऊड’ नावाची सूची उघडली, ती ठरावीक काळाने नव्याने भरली जाते आणि तीतून दिलेल्या कामांच्या मुदतीही मर्यादित असतात, जेणेकरून लहान कंपन्यांस पुन्हा पुन्हा दार ठोठावता यावे. तिकडे सारे आलबेल आहे असे नव्हे. त्यांच्या खरेदीतही घोटाळे झाले आहेत. पण नियम तरी तेथे लिहिलेला आहे.

यावर कोणी म्हणेल की, परीक्षेसारख्या नाजूक कामात स्पर्धा लावली तर पुन्हा स्वस्तातली कंपनी येईल आणि २०२१ ची पुनरावृत्ती होईल. आक्षेप वजनदार आहे. केवळ कमीत कमी दराला काम द्यावयाचे असेल तर स्पर्धा नसलेली बरी, असे आम्हीही म्हणू. परंतु दुसऱ्या टप्प्यातील स्पर्धा केवळ दराची असण्याचे कारण नाही. मागील परीक्षा वेळेवर सुरू झाली काय, किती केंद्रांवर यंत्रे बंद पडली, किती तक्रारी आल्या व किती दिवसांत मिटल्या, याची नोंद यादीतील प्रत्येक कंपनीच्या नावापुढे जाहीर असावी आणि तिला दराइतकेच वजन असावे. ही नोंद आज जनतेसमोर नाही. बाजारात कोणता व्यापारी पट्टीचे पैसे वेळेवर देतो हे प्रत्येक शेतकऱ्यास तोंडपाठ असते. लक्षावधी मुलांचे भवितव्य ज्यांच्या हाती द्यावयाचे त्यांच्याविषयी तेवढीही माहिती आपणांस नसावी काय?

कायदा झाला आहे, हे आम्ही विसरलो नाही. केंद्राने २०२४ मध्ये सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. त्यात सेवा पुरविणारी संस्था दोषी ठरल्यास तिला एक कोटी रुपयांपर्यंत दंड, परीक्षेच्या खर्चाची प्रमाणशीर वसुली आणि चार वर्षांची बंदी आहे. परंतु तो कायदा गैरप्रकारांसाठी आहे. यंत्र बंद पडणे, केंद्र चुकणे, सत्र दोन तास लांबणे, हा गुन्हा नव्हे. ही सेवेतील कसूर आहे आणि तिचा बंदोबस्त फौजदारी कायद्याने होत नाही, करारपत्राने होतो. ज्या करारात प्रत्येक तासाच्या खोळंब्याची किंमत लिहिलेली नाही, तो करार दुबळा होय. ती किंमत खात्याच्या तिजोरीत न जाता उमेदवारास शुल्क परत करण्यासाठी वापरली जावी, असेही आम्ही सुचवितो.

सर्व परीक्षा लोकसेवा आयोगाकडे द्याव्यात, ही उमेदवारांची मागणी आम्हांस सहानुभूतीने पाहावीशी वाटते. आयोग ही घटनात्मक संस्था आहे, तिच्यावर तरुणांचा विश्वास आहे. परंतु आयोगासही संगणकावर परीक्षा घ्यावयाची झाल्यास केंद्रे, यंत्रे व जाळे कोणाकडून तरी भाड्याने घ्यावेच लागणार. तेव्हा प्रश्न मिटत नाही, त्याचा पत्ता बदलतो.

सामान्य प्रशासन विभागाने आणि महाआयटीने तूर्त एक काम करावे. सूचीतील कंपन्यांशी झालेली करारपत्रे, त्यांतील दर व दंडाची कलमे, आणि आजवर कोणत्या परीक्षेत किती दंड प्रत्यक्ष वसूल झाला याचा तक्ता, हे सर्व मराठीत आपल्या संकेतस्थळांवर लावावे. त्यासाठी निविदेची गरज नाही, मंत्रिमंडळाच्या निर्णयाचीही नाही. त्या मुलीने जळोचीत बसून पुढच्या परीक्षेचे शुल्क भरले आहे आणि आपण ज्या यंत्रासमोर बसणार ते कोणत्या अटीवर भाड्याने आणले आहे, हे वाचण्याचा तिला हक्क आहे.