असं का बरं? : दाबाखालचा प्राणवायू

बालमित्रांनो, तुमच्यापैकी विहिरीत पोहणारे किती जण आहेत? सूर मारून तळाकडे जाऊ लागलं, की कान दुखतात, दडे बसतात. हो ना? पाणी तर मऊ, मग ते कानाला दुखवतं कसं? दुखवतो तो पाण्याचा दाब.

जमिनीवरही आपल्यावर दाब असतोच, हवेचा. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो वजन ठेवावं, एवढा! जन्मापासूनची सवय असल्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही. पाण्यात १० मीटर, म्हणजे ३३ फूट खाली गेलं, की तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे एकूण दाब दुप्पट झाला. २० मीटरवर तो तिप्पट होतो.

याच दाबाचा डॉक्टर औषधासारखा उपयोग करतात, हे तुम्हाला माहीत आहे का? त्या उपचाराचं नाव लांबलचक आहे : हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी. आपण त्याला सोप्या भाषेत 'उच्चदाब प्राणवायू उपचार' म्हणू या.

गोटी सोड्यातलं गुपित

यात्रेत गोटी सोडा प्यायला आहात ना? बाटली बंद असते, तेव्हा आतलं पाणी अगदी शांत दिसतं. गोटी आत ढकलली, की फस्सकन आवाज होतो आणि बुडबुडेच बुडबुडे! ते आले कुठून? कारखान्यात दाब देऊन कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळवलेला असतो. दाब गेला, की तो बाहेर पळतो. दाब जितका जास्त, तितका जास्त वायू पाण्यात विरघळतो, हा नियम इंग्लंडच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला.

आता पाण्याऐवजी आपलं रक्त डोळ्यांसमोर आणा. खोल समुद्रात काम करणारा पाणबुड्या पाठीवरच्या टाकीतली दाबाची हवा श्वासात घेतो. त्या हवेतला नायट्रोजन त्याच्या रक्तात आणि शरीरात विरघळत जातो. तो घाईघाईने वर आला, तर? गोटी फुटल्यासारखं होतं! शरीरात बुडबुडे होतात, सांधे भयंकर दुखतात, कधी हातपाय लुळे पडतात. (विहिरीत एका दमात बुडी मारून वर येणाऱ्याला सहसा हा धोका नसतो.)

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ मध्ये खुला झाला. त्याचा पाया खोदणारे मजूर नदीच्या तळाशी, दाबाची हवा भरलेल्या मोठ्या पेट्यांमध्ये काम करत. त्यातले कितीतरी जण या आजाराने आडवे झाले. मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग हेही १८७२ मध्ये अंथरुणाला खिळले.

यावर उपाय काय? रुग्णाला पुन्हा दाबाखाली न्यायचं म्हणजे बुडबुडे आक्रसतात, आणि मग दाब हळूहळू कमी करायचा. पाणबुड्याने किती सावकाश वर यावं, याचं कोष्टक ब्रिटनच्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले होते. १९०६ मध्ये समुद्रात प्रयोग चालू असताना त्यांचा १३ वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरला होता. हा मुलगा म्हणजे पुढचे मोठे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

आपल्या महाराष्ट्रातही ही सोय आली ती समुद्राच्याच वाटेने. मुंबईला कुलाब्यात नौदलाचं 'अश्विनी' रुग्णालय आहे. देवांचे वैद्य अश्विनीकुमार, त्यांच्यावरून हे नाव. नौदलाच्या पाणबुड्यांसाठी तिथे असे दाबाचे कक्ष आहेत, आणि इतर आजारांच्या रुग्णांनाही तिथे हा उपचार दिला जातो.

रक्तातली एसटी

पण जो कधी समुद्रात गेलाच नाही, त्याला या उपचाराचा काय उपयोग? त्यासाठी आधी आपल्या रक्तातली एसटी बघू.

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू त्यात बसून प्रवास करतो. निरोगी माणसाच्या या गाडीत जवळजवळ सगळ्या सीटा भरलेल्याच असतात. त्यामुळे नाकाला नळी लावून आणखी प्राणवायू दिला, तरी जादा प्रवासी बसवायचे कुठे? शिवाय जखमेजवळच्या रक्तवाहिन्या सुजलेल्या किंवा अरुंद झालेल्या असतील, तर त्या गल्लीत गाडी शिरतच नाही.

इथे दाब मदतीला येतो. हेन्रींचा नियम आठवा. दाब वाढवला आणि शुद्ध प्राणवायू श्वासात दिला, की तो रक्ताच्या पाण्यासारख्या भागात, म्हणजे रक्तद्रवात सरळ विरघळतो. म्हणजे प्रवासी गाडीची वाट न बघता पायीच निघाले! ते अरुंद गल्लीतूनही पुढे जातात.

एरवी १०० मिलिलिटर रक्तात फक्त ०.३ मिलिलिटर प्राणवायू असा विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला, तर तो सुमारे ६ मिलिलिटर होतो. ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक ईटे बुरेमा यांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी त्यांनी काढून टाकल्या होत्या. तरीही दाबाखालच्या प्राणवायूवर ती जनावरं तेवढा वेळ जगली!

पेटीत काय होतं?

काही ठिकाणी एका माणसापुरती पारदर्शक नळीसारखी पेटी असते. काही ठिकाणी खोलीएवढा कक्ष असतो, त्यात अनेक रुग्ण मास्क लावून बसतात आणि नर्सही सोबत असते. दाब साधारण दुप्पट ते अडीचपट करतात. एक बैठक दीड ते दोन तासांची. जुन्या जखमेसाठी अशा २० ते ४० बैठका लागू शकतात. दाब वाढताना विहिरीतल्यासारखेच कान दुखतात, म्हणून आवंढा गिळायला सांगतात.

आत जाताना मोबाइल, काडेपेटी, तेल, अत्तर काही चालत नाही. भरपूर प्राणवायूत एक ठिणगी पडली, तरी भडका उडतो. नायलॉनसारख्या कापडाच्या घासण्यानेही ठिणगी पडू शकते, म्हणून अंगावर फक्त सुती कपडे. बघा, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वावरातला कापूस कुठे कुठे कामाला येतो!

कोणाला उपयोग?

मधुमेहामुळे पायाची न भरणारी गंभीर जखम, मातीतल्या जंतूंमुळे होणारा वायुजन्य गँगरीन, अपघातात चेंगरलेला अवयव, कॅन्सरच्या किरणोपचारानंतर इजा झालेलं हाड, अशा काही ठरावीक आजारांत हा उपचार देतात. पण तो मुख्य उपचारांचा सोबती आहे. साखर ताब्यात ठेवणं, जखम स्वच्छ करणं, औषधं, गरज असेल तर शस्त्रक्रिया, हे करावंच लागतं. तुमच्या आजोबांना मधुमेह असेल, तर एक काम आजपासून तुमचं. रोज संध्याकाळी त्यांचे तळपाय बघायचे. मधुमेहात पाय बधिर होतात, बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही. वावरात जाताना त्यांच्या पायात चप्पल-बूट आहे ना, हेही बघायचं.

शेगडीचा रुमाल

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपतात ना? निखारे लालभडक आहेत, धूर नाही, म्हणजे भीती नाही, असं मोठ्यांनाही वाटतं. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा हा वायू हिमोग्लोबिनच्या सीटा धरतो. त्याची पकड प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त! गाडी भरलेली दिसते, पण प्राणवायू उभाच राहतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच दगावतो.

साध्या हवेत हे रुमाल निम्मे निघायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर एक-दीड तास, आणि तिप्पट दाबाखाली फक्त २०-२५ मिनिटं. पण दाबाची पेटी गावोगावी नसते. खिडकी मात्र प्रत्येक घरी असते! म्हणून शेगडी बाहेर, आणि न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर खेळती हवा हवीच. कुणी असं बेशुद्ध सापडलं, तर आधी मोठ्यांना हाका मारा. दारं-खिडक्या सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ नंबरला फोन करा. दवाखान्यात लगेच प्राणवायू लावतात.

आईबाबांसाठी दोन शब्द

स्वमग्नता, अभ्यासातली चंचलता किंवा कायमचं तारुण्य यांसाठीही या पेटीच्या जाहिराती होतात. या गोष्टींवर तिचा गुण येतो, असं सिद्ध झालेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका खासगी केंद्राच्या पेटीत आग लागून ५ वर्षांचा मुलगा दगावला. तेव्हा हा उपचार डॉक्टरांनी सुचवला असेल तरच, आणि तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच घ्यावा. पैसे भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : 'या आजारावर हा उपचार मान्य आहे का?'

करून पाहा

मोठ्यांना विचारून सुई नसलेली नवी, मोठी सिरिंज आणा. तिच्यात थोडा सोडा ओढा आणि वरची हवा काढून टाका. तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे खेचा. काय दिसतं? आता दट्ट्या पुढे दाबा. बुडबुड्यांचं काय झालं? का झालं, ते दोन ओळींत वहीत लिहा आणि मग तोच प्रयोग आजीला करून दाखवा. शेगडीची गोष्टही तिला तेव्हाच सांगा.