‘लोभ असावा’ आणि स्पॅनिश क्रियापद

परकी भाषा शिकायची म्हणजे आधी इंग्रजीच्या दाराशी ताटकळायचे, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. स्पॅनिशचेच घ्या. वीस देशांची ही राजभाषा. पहिले धडे सुरळीत जातात. मग ‘प्रेझेंट सब्जंक्टिव्ह’ नावाचे प्रकरण येते आणि मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीच्या पोटात गोळा उठतो. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके बजावतात, हे फार अवघड, कारण इंग्रजीत असले काही जवळजवळ उरलेलेच नाही. इंग्रजीत नसेल, पण आपल्या घरात आहे ना! आपण त्याला विध्यर्थ म्हणतो.

रूप करण्याची रीत तर पोरखेळ आहे. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘मी बोलते’ याला ‘आब्लो’. शेवटचा ‘ओ’ काढावा, ‘ए’ लावावा: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. ‘कोमेर’ म्हणजे खाणे, ‘विविर’ म्हणजे जगणे. त्यांना उलट ‘आ’ लागतो: कोमा, विवा. शेजारणींनी वाट्या बदलून घ्याव्यात तसे दोन्ही गटांनी स्वर बदलून घेतले आहेत. नियमित क्रियापदांपुरते एवढेच.

खरी मेख ही रूपे वापरायची केव्हा यात आहे. आता मराठीतली दोन वाक्ये पाहा. ‘तो बोलतो असे मला वाटते.’ ‘त्याने बोलावे असे मला वाटते.’ ‘वाटते’ तेच. पण पहिल्यात माझा समज आहे, दुसऱ्यात इच्छा. सगळा फरक ‘बोलतो’ आणि ‘बोलावे’ यांनी केला. स्पॅनिश माणूस पहिल्या ठिकाणी ‘आब्ला’ म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी ‘आब्ले’. हिंदीत ‘मैं चाहता हूँ कि वह बोले’ म्हणतात. तिथे तर शेवटचा स्वरही योगायोगाने जुळतो. सोलापुरात घरोघरी कन्नड आहे. त्या घरातली मुलगी ‘बरलि’ म्हणते, म्हणजे ‘येवो, येऊ दे’. तिला ‘सब्जंक्टिव्ह’चे भय कोणी घालावे?

पुढे पाहा. आदराने सांगायचे असले की स्पॅनिशमध्ये हेच रूप: ‘आब्ले उस्तेद’, आपण बोलावे. आपल्या लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ असते, पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. आणि घोषणा! ‘विवा’ म्हणजे ‘चिरायु होवो’. फारसीतून आलेल्या ‘झिंदाबाद’मधला ‘बाद’ म्हणजे ‘असो’च. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आपल्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या नावाने आपण ‘अमर रहे’ म्हणतो, तेव्हा क्रियापदाचे हेच इच्छा सांगणारे रूप आपल्या तोंडी असते. व्याकरणाच्या तासाला मात्र आपण ते ओळखत नाही.

सगळेच जुळते असे मी म्हणणार नाही. ‘तो बोलतो असे मला वाटत नाही’ इथे आपण साधे ‘बोलतो’ ठेवतो. स्पॅनिश माणूस शंका आली की ‘आब्ले’वर जातो. ‘तो बोलेल तेव्हा’ इथेही आपला भविष्यकाळ, त्यांचे ‘आब्ले’. शिवाय आपले ‘वाचावा, वाचावी, वाचावे’ कर्माकडे पाहून बदलते, त्यांचे कर्त्याकडे. पण हे अपवाद दोन तासांत समजावता येतात. पाया आधीच पक्का असतो. इंग्रजीच्या वाटेने गेले की पायाच घालावा लागतो, तोही उसन्या विटांनी. मग विद्यार्थी समजतो की आपल्याला भाषेचे डोकेच नाही, आणि वर्ग सोडतो. हे नुकसान मला फार मोठे वाटते.

फादर स्टीफन्स हा इंग्रज. त्याने गोव्यात राहून ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते १६४० साली रायतूरला छापले गेले. आपली भाषा त्याने आपल्या वाचकांना त्यांच्या ओळखीच्या भाषेतून समजावली. मग आपणच उलटा प्रवास का करू नये? कोणी म्हणेल, नोकरीसाठी इंग्रजी लागतेच. लागते, कबूल, पण म्हणून स्पॅनिशही तिच्यामार्फतच यावी, हे कुठले शास्त्र?

मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ पासून उपलब्ध आहे. मराठी विभागाने ते उघडावे, स्पॅनिश जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाला शेजारी बसवावे आणि उन्हाळ्याच्या सुटीत चाळीस पानांची एक पुस्तिका करावी. कन्नड आणि तेलुगू घरांतल्या दोन मुलीही त्या टेबलाशी बसवाव्यात. उदाहरणे त्यांच्याकडून जास्त मिळतील. मुद्रिते तपासायला मी येईन.