मुका मार, तेल आणि पहिले दोन दिवस

शालेय कबड्डी व खो-खो स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की औषधी दुकानांतून महानारायण तेल, लेपगोळी व आंबेहळद यांची मागणी वाढते. घोटा मुरगळलेला खेळाडू मित्राच्या खांद्यावर हात टाकून येतो, तेलाची बाटली घेतो आणि लंगडत परत जातो. ती बाटली देणारे हात आपल्याच व्यवसायबंधूंचे असतात, म्हणून या विषयावर स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

अभिघातानंतरचे पहिले दोन दिवस मर्दन व उष्ण स्वेद वर्ज्य समजावेत, गरम लेपही टाळावा, असे आमचे मत आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून स्राव चालू असताना चोळणे व शेकणे म्हणजे सूज वाढविणेच होय. हा विचार परका नाही. सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत न्यग्रोधादी कषायाचा परिषेक सांगितला आहे, तो सुशीत करूनच. बर्फ वापरायचा तर फडक्यात गुंडाळून पंधरावीस मिनिटे, वेदना शमविण्यापुरता. विश्रांती, बर्फ, दाब व उंची हे सूत्र १९७८ साली मांडणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच २०१४ मध्ये बर्फाच्या अतिवापराविषयी आपले मत बदलले, हेही ध्यानात असावे.

खरा प्रश्न मात्र तेलाचा नसून निदानाचा आहे. संधिमुक्त आणि कांडभग्न हा भेद ज्या शास्त्राने इतक्या बारकाईने केला, त्याच्या अनुयायांनी क्ष-किरण तपासणीस पाठविण्यात कमीपणा का मानावा, हे आम्हांस उमगत नाही. रुग्ण दुसरीकडे जाईल ही भीतीच त्यामागे असावी. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली प्रसिद्ध झालेले घोट्याविषयीचे निकष अगदी साधे आहेत. घोट्याजवळ वेदना असून, आतील वा बाहेरील घोट्याच्या हाडावर, टोकाशी किंवा मागील कडेला सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखत असेल, अथवा रुग्णास दुखापतीनंतर लगेच व आपल्यासमोरही चार पावले टाकता येत नसतील, तर चित्र काढलेच पाहिजे. करंगळीकडील कडेच्या मधोमध असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर दुखले तरी तेच. लहान मुलांत मात्र या निकषांवर विसंबू नये. त्यांच्या वाढीच्या कूर्चेची इजा पहिल्या चित्रात न दिसण्याचाही संभव असतो.

बंधनाविषयी अधिक सावधगिरी हवी. शिथिल बंधनाने संधी स्थिर होत नाही आणि गाढ बंधनाने शोफ, वेदना व पाक होतो, असे सुश्रुतांनी बजावले आहे. तरीही पडून कोपर दुखावलेल्या मुलाच्या हाताला कामट्या करकचून बांधण्याची प्रथा काही गावांत आजही आहे. बोटे पांढरी, गार वा बधिर पडली, किंवा ती सरळ करताना असह्य कळ आली, तर बंधन तत्काळ सोडून मुलास रुग्णालयात न्यावे. काही तासांच्या विलंबाने हात कायमचा निकामी होतो.

डोक्यास मार लागून क्षणभर शुद्ध हरपली, उलटी झाली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर दुकानात औषध मागण्याचा प्रश्नच उरत नाही.

औषधालयाच्या मालकांना आमची एक सूचना आहे. तेल काढून देण्यापूर्वी दुकानातील माणसाने मार केव्हा लागला, चालता येते का, हाडावर दुखते का आणि बोटांना मुंग्या येतात का, एवढे विचारावे. उत्तर शंकास्पद वाटल्यास बाटली फळीवरच राहू द्यावी. तपासणीत अस्थी शाबूत आढळून सूज उतरली की अभ्यंग, लाक्षादि गुग्गुळ व क्रमाने वाढविलेला व्यायाम यांसाठी तोच खेळाडू आपल्याकडे येऊ शकतो, आणि त्या वेळी त्याला देण्यासारखे आपल्यापाशी पुष्कळ आहे.