जुन्या पिकअपचे पाटे काढायची घाई नको



आज पिकावर नाही, पीक मार्केटला नेणाऱ्या गाडीवर लिहितोय. आमच्या घरी थोरल्या भावाची जुनी पिकअप आहे. चासी खणखणीत, इंजिनही धडधाकट. परवा पुतण्याने मोबाईलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ दाखवला. १९५० च्या दशकातली फोर्डची पिकअप होती. मागचं अख्खं हाउसिंग पाट्यांसकट काढून तिथं जॅग्वार कारचं इंडिपेंडंट सस्पेन्शन बसवलं होतं. पोरगं म्हणालं, "तात्या, आपल्या गाडीला असं केलं तर टोमॅटोला दणकाच बसणार नाही. टोमॅटोचे पैसे आले की करू."

त्याची कळकळ खोटी नाही. मागच्या हंगामात नारायणगावला क्रेट उतरवले, तर मागच्या टोकाच्या वरच्या क्रेटमधला माल चेपलेला. भाव पडला. तोंड पाडून परत आलो. तरीही माझं मत स्पष्ट आहे: माल वाहायच्या गाडीला हा उद्योग करू नये. का, ते सांगतो.

आपल्या पिकअपची मागची दोन्ही चाकं एकाच हाउसिंगला जोडलेली असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही झटका बसतो. इंडिपेंडंटमध्ये डिफरन्शियल चासीला पक्कं बसतं, दोन बाजूंना दोन छोटे दांडे आणि प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. चाकाबरोबर उचलावं लागणारं वजन कमी, म्हणून गाडी मऊ चालते. इथपर्यंत पुतण्या बरोबर आहे.

आता दुसरी बाजू. पाटा फक्त वजन पेलत नाही, हाउसिंग जागेवर धरून ठेवायचं कामही तोच करतो. गाडीत टनभर माल भरला तरी पाटे दबतात, चाकं मात्र सरळ उभी राहतात. बऱ्याच इंडिपेंडंट रचनांत मागची बाजू दबली की चाकं वरून आत कलतात. रिकाम्या गाडीला जुळवलेली चाकं भरल्या गाडीला जुळत नाहीत, आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. शिवाय पाट्यांचा भार चासीवर ठरलेल्या जागी येतो. नव्या रचनेत आर्म आणि डिफरन्शियलचा जोर भलत्याच जागी येतो. तिथे नुसती पट्टी वेल्ड करून भागत नाही.

जॅग्वारचा तो सेट १९६१ पासूनचा. हौशी लोकांना तो आवडतो, कारण सगळं एका लोखंडी पिंजऱ्यात बसलेलं, अख्खं उचलून लावता येतं. पण त्यात चाक फिरवणारा दांडाच वरच्या आर्मचंही काम करतो. म्हणजे त्याचा जॉइंट क्रॉस तुटला, तर नुसती गाडी थांबत नाही, चाकाचा आधारच जातो. ब्रेकच्या डिस्क चाकात नसून आत डिफरन्शियलला लागून, म्हणजे काम काढायलाही अवघड. अमेरिकेतल्या त्या गाड्या बहुतेक रविवारी फिरायला निघतात. आपली गाडी भरल्या मालाने घाट उतरते, आणि केबिनमध्ये घरचीच माणसं असतात.

कोणी म्हणेल, लष्कराचे टाट्रा ट्रक इंडिपेंडंटच आहेत, ते नाही का वजन ओढत? ओढतात. पण तो ट्रक मधल्या जाड नळीच्या कण्यापासून तसाच घडवलेला असतो. वजन पेलते ती अख्खी रचना. एका गाडीचा पाय दुसऱ्या गाडीला लावून ती ताकद येत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही. चासी कापून गाडी रस्त्यावर आणली आणि उद्या काही घडलं, तर विमावाला आधी तिथेच बोट ठेवणार.

मग टोमॅटोचं काय? आम्ही ठरवलंय ते असं.

पाटे खोलून गंज साफ करायचा. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, अख्खा गठ्ठा लाकडाच्या ओंडक्यासारखा वागतो. तडा गेलेला पाटा बदलायचा. शॅकलचे बुश नवे टाकायचे. यू-बोल्ट थोडं चालवून झाल्यावर पुन्हा आवळायचे. शॉकअप गळत असतील तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. आधीच्या मालकाने जादा पाटे घातले असतील तर मूळ संख्येवर यायचं. पूर्ण वजनासाठी केलेला पाटा अर्ध्या मालाला दबतच नाही, त्यात आणखी भर कशाला? टायरची हवा कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवायची, अंदाजाने दगडासारखी नाही.

आणि भरायची पद्धत. जड थर मागच्या ॲक्सलच्या पुढे. मागच्या टोकाला सगळ्यात जास्त उसळी बसते, तिथे क्रेट कमीत कमी. क्रेट काठोकाठ भरायचं नाही, नाहीतर वरच्या क्रेटचं बूड थेट फळावर बसतं. दोरी घट्ट. खराब रस्त्याला वेग कमी. ह्याला पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो.

पुतण्याला सांगितलंय, तुझी हौस मारत नाही. एखादी भंगारातली जीप घे, शिक, चांगल्या फॅब्रिकेटरकडे उभा राहा. पण घर चालवणाऱ्या गाडीवर प्रयोग नको. तो थोडा रुसलाय. येत्या रविवारी पाटे खोलायला मात्र तोच पान्हे घेऊन येणार आहे.

तुमच्याकडे पाट्यांचं काम करून मालात फरक पडला असेल, तर नक्की कळवा.